जळक्या ट्रान्स्फॉर्मरची पूजा

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांचा एक नवा पंथ अलीकडे आपल्यात उदयाला आला आहे. या पंथाचे सोवळे मोठे कडक आहे. साठ वर्षांपूर्वीचा एखादा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणावा, काचेच्या कपाटात बसवावा, आल्या-गेल्याला दाखवावा, आणि पाहुण्याने भाबडेपणाने "वाजतो का हो?" असे विचारलेच, तर किंचित दुखावल्या स्वरात म्हणावे, "नाही. पॉवर ट्रान्स्फॉर्मर जळला आहे. पण आम्ही बदलला नाही. सगळे मूळचे आहे!" हे शेवटचे वाक्य उच्चारताना त्या गृहस्थाच्या मुद्रेवर जी धन्यता उमटते, ती पाहिली की 'मेल्या म्हशीला मणभर दूध' ही म्हण आपल्या पूर्वजांनी कशासाठी केली असावी ते ध्यानात येते.

माझे म्हणणे साधे आहे. वाजणे हा अ‍ॅम्प्लिफायरचा धर्म आहे. जो भाग जळल्यामुळे तो मुका झाला, तो भाग शहाणपणाने आणि प्रामाणिकपणे बदलणे, हे त्याच्या मालकाचे पहिले कर्तव्य आहे. मूळपणाच्या नावाखाली हे कर्तव्य टाळणाऱ्याला मी रसिक म्हणायला तयार नाही. तो फार तर व्यापारी आहे. किंवा पुजारी आहे, आणि तोही देव उठून गेलेल्या देव्हाऱ्याचा.

आता कोणी म्हणेल, हा मास्तर यात कशाला पडतो? खरे आहे. मी इंजिनिअर नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो, कादंबऱ्या लिहितो, शाळेत मुलांपुढे उभा राहतो. परंतु तालुक्याच्या गावी मोटारी भरून देणाऱ्या कारागिराच्या दुकानात, त्याच्या बाकावर बसून, जळक्या इनॅमलचा वास घेत मी जितके पाहिले आणि ऐकले आहे, तितके या पंथातल्या पुष्कळांनी पाहिले नसावे, अशी मला शंका आहे. तेव्हा मुळापासून सुरुवात करू.

पॉवर ट्रान्स्फॉर्मर म्हणजे काय? पाठ्यपुस्तकात त्याला रोहित्र म्हणतात; पण त्या नावाने तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा एक गाभा, आणि त्याच्याभोवती इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे. बस्स! लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी घातली. एकातला प्रवाह सुरू केला किंवा तोडला, की दुसऱ्याला जोडलेली सुई हलत असे. दोन तारांचा एकमेकींना स्पर्श नाही, तरी एकीची हालचाल दुसरीला कळते! आजचा प्रत्येक ट्रान्स्फॉर्मर त्या कड्याचाच वंशज आहे.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये या वंशजाकडे तीन कामे असतात. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टमधून व्हॉल्व्हच्या आतली निखाऱ्यासारखी तार तापवण्यासाठी सामान्यतः ६.३ व्होल्ट द्यायचे; रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर त्याच्यासाठी बहुधा ५ व्होल्ट वेगळे द्यायचे; आणि खरी ताकद लागते त्या ठिकाणी, मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना, तीनशे-साडेतीनशे व्होल्ट उभे करायचे. म्हणजे हा घरातला आचारी आहे. दिवाणखान्यात मैफल चालू असते, आणि मागच्या मुदपाकखान्यात हा घामाघूम होऊन सर्वांचे पोट भरत असतो. गाणे याच्यातून जात नाही. गाणे जाते ते आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमधून. तो गवयाचा गळा आहे. गळा बदलताना दहादा विचार करावा, हे मला मान्य आहे. परंतु आचारी मेला म्हणून मैफलच कायमची बंद ठेवणाऱ्या यजमानाला काय म्हणावे?

आचारी मेला असे मी म्हणालो. पण हा आचारी सहसा आपल्या मरणाने मरत नाही. त्याला कोणीतरी मारते. जुना फिल्टर कंडेन्सर आतून झिरपू लागतो, रेक्टिफायर व्हॉल्व्ह आतल्या आत चिकटतो, किंवा आउटपुटचा व्हॉल्व्ह बेताल होऊन वाटेल तेवढा प्रवाह ओढू लागतो. अशा वेळी फ्यूजने जीव द्यायचा आणि ट्रान्स्फॉर्मरला वाचवायचे, असा संकेत आहे. पण आपल्याकडे फ्यूज एकदा उडाला की त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची परंपरा आहे. चांदी उडत नाही, ट्रान्स्फॉर्मर उडतो. वेढ्यांवरचे इनॅमल भाजते, शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग चिकटलेल्या वेढ्यांतच प्रवाह फिरू लागतो, आणि घरभर तो ओळखीचा करपट वास पसरतो.

म्हणून जाणता कारागीर ट्रान्स्फॉर्मर बदलण्याआधी दोन प्रश्न विचारतो: हा खरोखर मेला आहे का? आणि मेला असेल, तर कोणी मारला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर साध्या सिरीजच्या दिव्यावर मिळते. सगळे व्हॉल्व्ह काढायचे, दुय्यम वेढ्यांची सर्व टोके सोडवून एकमेकांपासून दूर ठेवायची, आणि ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा मध्ये घालून मुख्य वेढ्याला वीज द्यायची. दिव्याची तार जेमतेम लाल झाली किंवा झालीच नाही, तर ट्रान्स्फॉर्मर बहुधा जिवंत आहे आणि गुन्हेगार दुसराच आहे. दिवा भगभगीत पेटला, तर आत वेढे चिकटले आहेत; अंत्यविधीची तयारी करावी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय नवा ट्रान्स्फॉर्मर बसवणारा माणूस दुरुस्ती करीत नसतो. तो दुसरा बळी देत असतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. या यंत्रात भिंतीतली पिन काढल्यानंतरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. ते रेझिस्टरमधून निचरून, मीटरने खात्री केल्याखेरीज आत बोट घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. ज्याला हे येत नाही त्याने जाणत्याकडे जावे. त्यात कमीपणा नाही. माझा लेख वाचून कोणी पेचकस घेऊन धावू नये.

आता पूर्वपक्षाकडे वळू. सोवळेवाले म्हणतात, "मूळचा भाग गेला की त्या वस्तूचा आत्मा गेला." फार मोठे वाक्य आहे! पण इतिहास त्याला साक्ष देत नाही. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या गृहस्थांचे वाद्यांचे दुकान होते. गृहस्थ मुळात ड्रम वाजवणारे आणि ड्रम शिकवणारे. म्हणजे आमच्याच जातीचे, मास्तर! दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवादकांना अमेरिकन फेंडर कंपनीच्या 'बेसमन'सारखा दणदणीत अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. पण परदेशी माल महाग. मार्शल, त्यांच्याकडचे दुरुस्ती-कारागीर केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा एक तरुण, यांनी १९६२ च्या सुमारास त्या बेसमनचाच आराखडा समोर ठेवून नवा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. पण भाग कोठले? इंग्लंडात सहज मिळतील ते! बेसमनमधला अमेरिकन ट्रान्स्फॉर्मर ११७ व्होल्टच्या हिशेबाने भरलेला. इंग्लंडातली वीज २४० व्होल्टच्या घरातली. तेव्हा पॉवर ट्रान्स्फॉर्मर वेगळा बसवणे भागच होते. आउटपुट ट्रान्स्फॉर्मर रेडिओस्पेअर्स या इंग्रजी पेढीचा. आउटपुटचे व्हॉल्व्हही पुढे बदलून इंग्रजी केटी-६६ आले. या सगळ्या 'भ्रष्ट' भागांतून जो आवाज निघाला, त्याने पुढे जगभरच्या रंगमंचांवर राज्य केले, आणि आज हीच सोवळी मंडळी त्या पहिल्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरांसाठी लाखो रुपये मोजायला तयार असतात. भाग बदलल्याने आत्मा जातो हे खरे असते, तर तो आवाज जन्मालाच आला नसता.

आणि एवढ्या दूर लंडनला तरी कशाला जायचे? मिरजेला जा. तेथल्या सतारमेकरांच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्यांचे तंबोरे दुरुस्तीला येतात. तारा बदलतात, घोडी बदलते, जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते, फुटल्या भोपळ्याला सांधा बसतो. कोणत्या गवयाने आजवर म्हटले आहे, की माझ्या गुरुजींच्या हातची तुटकी तार तशीच लोंबू द्या, ती मूळची आहे? वेरूळला जा. घृष्णेश्वराच्या देवळाचा उद्धार मालोजीराजे भोसल्यांनी केला, पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांच्या काळात ते पुन्हा उभे राहिले. आपल्या भाषेत या कामाला जीर्णोद्धार असा शब्द आहे, आणि तो पुण्यकर्मांत मोजला जातो. जीर्णरक्षण असा शब्द आपण केला नाही. देऊळ पूजेसाठी असते आणि तंबोरा सुरासाठी, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही.

पूर्वपक्षात एक सत्यांश मात्र आहे, तो मी नाकारीत नाही. भाग बदलून, तो मूळचाच असल्याची थाप मारून वस्तू विकणारे लोक बाजारात आहेत. जुन्या शिक्क्याची टोपी काढून नव्या ट्रान्स्फॉर्मरवर चढवणारे आहेत. ही लबाडी आहे आणि तिचा धिक्कारच केला पाहिजे. पण त्यावरचा इलाज वस्तू मुकी ठेवणे हा नव्हे. १९६४ साली व्हेनिसला जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी जी सनद तयार झाली, तिच्यात एक मोठा मार्मिक नियम आहे: हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण रचनेत सुसंवादाने मिसळावा, पण तो मूळचा नाही हे ओळखता यावे. अ‍ॅम्प्लिफायरला हाच नियम लावा. नव्या ट्रान्स्फॉर्मरवर कोणी भरला, कोणत्या साली भरला, कोणत्या टोकाला किती व्होल्ट, हे स्वच्छ लिहा. जुना ट्रान्स्फॉर्मर चिठ्ठी बांधून पेटाऱ्यात ठेवा. झाले समाधान! इतिहासही राहिला आणि आवाजही.

मला तर वाटते, मूळपणाची खरी चाड असणाऱ्याने बनवणाऱ्याचा मूळ हेतू पाहावा. हे जुने यंत्र उघडून बघा. ट्रान्स्फॉर्मर चार नटांवर बसवलेला आहे. वायरी डाखाने जोडलेल्या आहेत, आणि डाख वितळवता येतो. अमेरिकन कारखानदारांनी तर वायरींचे रंगही ठरवून टाकले होते: मुख्य वेढ्याला काळा, जादा व्होल्टला लाल, ६.३ व्होल्टला हिरवा, ५ व्होल्टला पिवळा. अनेक यंत्रांत व्हॉल्व्हांची यादी पेटीच्या आत चिकटवलेली असे. हे कोणासाठी? पुढे कधीतरी हे उघडणाऱ्या अनोळखी कारागिरासाठी! ज्याने यंत्र घडवले त्याने दुरुस्ती गृहीत धरली होती. ती नाकारणारेच मूळ कर्त्याचा अवमान करतात.

पण सोवळ्यांना झोडपताना ओवळ्यांना मोकळे सोडणे हा पक्षपात होईल. आपल्याकडे दुसरा एक पंथ आहे, त्याचा मंत्र "चालतंय ना? मग झाले!" हा आहे. हे महाभाग खोक्यात मावेल तो ट्रान्स्फॉर्मर ठोकून देतात. त्यांना हिशेबाचे वावडे असते. आउटपुटला दोन ६एल६ असतील, तर तापतारेसाठी प्रत्येकी ०.९ अँपिअर, तीन ईसीसी-८३ असतील, तर प्रत्येकी ०.३, बेरीज २.७ अँपिअर. ही तिसरीतल्या मुलाची बेरीज न करता २ अँपिअरचे वेढे बसवले, तर नवा ट्रान्स्फॉर्मरही जुन्याच्या वाटेने जाणार. मूळ जागी ३२५ व्होल्टच्या दोन बाजू असतील आणि यांनी ४०० च्या बसवल्या, तर शिखरावरचा दाब साडेपाचशेच्या आसपास जातो. मग कंडेन्सर फुटतात, आउटपुटच्या व्हॉल्व्हांच्या पट्ट्या लाल होतात, आणि दोष येतो 'दुरुस्ती' या शब्दाला.

अमेरिकेतल्या मुलाकडून किंवा मेहुण्याकडून जुना अ‍ॅम्प्लिफायर आणणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाजारातला उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर २३० चे ११० व्होल्ट करून देतो. पण आपल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने तो ६० करून देत नाही. केवळ ६० आवर्तनांसाठी बेतून भरलेल्या गाभ्यावर, व्होल्ट तेवढेच ठेवले तरी, चुंबकीय भार एक-पंचमांशाने वाढतो. गाभा तृप्त होतो, प्रवाह वाढतो, ट्रान्स्फॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. येथे तर ५० आवर्तनांचा, थोडा मोठ्या गाभ्याचा ट्रान्स्फॉर्मर नवा भरून घेणे हाच धर्म आहे. तो आउटपुट ट्रान्स्फॉर्मरला शक्यतो काटकोनात बसवावा, म्हणजे गुणगुण कमी येते. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची लावावी आणि सांगाड्याला अर्थिंग द्यावे. आउटपुटच्या व्हॉल्व्हांचा बायस नव्याने लावावा. यातल्या एकाही कामाने आत्मा बाहेर जात नाही. उलट वाजवणाऱ्याचा आत्मा आत राहतो!

या दोन पंथांखेरीज तिसरा एक पंथ आहे आणि तो सर्वांत बलिष्ठ आहे: "टाकून द्या, नवीन घ्या!" एका शाळेतली हकीकत सांगतो. स्नेहसंमेलनात वर्षानुवर्षे वाजलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. कारागिराने ट्रान्स्फॉर्मर भरून देण्याचा जो आकडा सांगितला तो एका सत्काराच्या शाली-नारळांहून अधिक नव्हता. पण खरेदीसाठी अनुदानात शीर्ष होते, दुरुस्तीसाठी नव्हते. शेवटी डेडस्टॉकच्या वहीत 'निर्लेखित' असा शेरा पडला आणि ते यंत्र वजनावर भंगारात गेले. जागी प्लॅस्टिकचा नवा चकचकीत डबा आला. दोन पावसाळ्यांनंतर तोही बंद पडला. आणि तो उघडायला गेले तर त्याला स्क्रूच नव्हते, सगळे चिकटवलेले! निर्लेखनाचा दुसरा शेरा पडला. मुलांनी यातून काय शिकायचे ते शिकून घेतलेच असेल.

एक काळ असा होता, की १९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा छापला. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरचे वेढे कसे घालायचे, तेही सांगितले. देशोदेशीच्या हौशी लोकांनी तो वाचून घरच्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर बांधले. विद्या उघड्यावर मांडली होती. आज यंत्र चिकटवलेले, आराखडा कुलपात, सुटे भाग मालकाच्या मर्जीवर! हे इतके बोचू लागले, की फ्रान्सला २०२१ पासून वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे त्याचे गुण तिच्यावर छापण्याचा नियम करावा लागला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याविषयी निर्देश संमत केला. चांगले झाले. पण हक्क मिळाला तरी वेढे कोण घालणार?

हा खरा प्रश्न आहे आणि म्हणूनच मी एका ट्रान्स्फॉर्मरसाठी इतका घसा कोरडा करीत आहे. हे हात अजून आपल्याकडे आहेत. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती सायकलीवर, रिक्षावर, मिळेल त्या वाहनावर घालून तालुक्याला नेतो आणि भरून आणतो. गावची डीपी जळाली की अख्खा गाव दुसरी येईपर्यंत तळमळतो. "जळकीच राहू द्या, मूळची आहे," असे म्हणणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे! ज्याचे पीक वाळते आहे त्याला मूळपणाचे वेड परवडत नाही. त्या भरणाऱ्या कारागिराकडे जुने वेढे मोजून काढण्याची, तारेचा गेज ओळखण्याची, पत्रे पुन्हा घट्ट बसवून वॉर्निशमध्ये बुडवण्याची विद्या आहे. मात्र तिला प्रतिष्ठा नाही. बारावीच्या वर्गात मुले वेढ्यांचे आणि व्होल्टचे गुणोत्तर फळ्यावरून उतरवून घेतात, परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतात, आणि शाळेसमोरच्या दुकानात तेच गुणोत्तर हाताने गुंडाळणाऱ्याला अडाणी समजतात. सूत्र एकीकडे आणि हात दुसरीकडे! फॅरडेच्या बाबतीत ते एकाच ठिकाणी होते. तोही पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला कामगारच होता.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक शाळेच्या वार्षिक खर्चात दुरुस्तीचे एक शीर्ष असू द्या. विज्ञानाच्या मास्तरांनी वर्षातून एकदा मुलांना वाइंडिंगच्या दुकानात न्यावे, आणि तेथे त्या कारागिराला गुरुजी म्हणून बोलू द्यावे. ज्यांच्या कपाटात मुकी यंत्रे आहेत त्यांनी ती जाणत्याच्या हाती द्यावीत, पूर्ण मजुरी मोजावी, घासाघीस करू नये, आणि नव्या ट्रान्स्फॉर्मरवर त्या कारागिराचे नाव घालायला लावावे. पन्नास वर्षांनी तेच नाव 'मूळचे' म्हणून मिरवले जाईल, याबद्दल निश्चिंत असावे.

आणि वाचकहो, दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावर असे एखादे यंत्र सापडले, तर दोन मोह टाळा. ते भंगारवाल्याला देऊ नका, आणि पुसून काचेतही ठेवू नका. जळक्या ट्रान्स्फॉर्मरवर तुमचा जीवच असेल तर तो खुशाल फडताळात जपा, हवे तर त्याला हळदकुंकू वाहा. पण अ‍ॅम्प्लिफायरला नवा आचारी द्या, आणि त्याला गाऊ द्या.